मुंबईच्या सागवानाची ‘सुहैली’

लांबच्या सफरीसाठी लहानशी शिडाची नौका निवडायची झाली तर काय पाहावे? वेग पाहावा, मजबुती पाहावी की किंमत? कोकणच्या खाड्यांवर हा प्रश्न पिढ्यानपिढ्या विचारला गेला आणि नाखवा, सुतार व दर्या या तिघांनी मिळून त्याचे उत्तर दिले. आज आपल्या किनाऱ्यावरच्या मोहल्ल्यांत शिडाखाली उमर काढलेली माणसे जवळपास संपली आहेत. त्यांची भाषा मात्र आपल्या तोंडी उरली आहे. मराठीतले ‘सुकाणू’ अरबीतल्या ‘सुक्कान’वरून आले, ‘नाखवा’ फारसी ‘नाखुदा’वरून, ‘खलाशी’ही अरबीतूनच. राजकारणी मंडळी राज्याचे सुकाणू हाती घेतात तेव्हा आपण कोणाचा शब्द उसना घेतला आहे, हे त्यांच्या ध्यानीही नसते.

या प्रश्नाचे उत्तर आम्ही एका खऱ्या नौकेच्या हकीकतीतून शोधणार आहोत. तिचे नाव अरबी, लाकूड हिंदुस्थानी, आराखड्याचे कूळ नॉर्वेचे, मालक इंग्रज आणि जन्म मुंबईतल्या कुलाब्याचा. कुठेही न थांबता एकट्या माणसाला घेऊन पृथ्वीप्रदक्षिणा करणारी जगातली पहिली नौका ती हीच, ‘सुहैली’.

रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा तरुण १९६० च्या आसपास ब्रिटिश इंडिया कंपनीच्या जहाजांवर अधिकारी होता. या कंपनीच्या बोटी मुंबईहून कराचीमार्गे इराणच्या आखातातल्या बंदरांना जात. वाचकांपैकी अनेकांच्या घरी या बोटींची आठवण असेल. रत्नागिरीकडच्या कितीतरी कुटुंबांतली कुवेत-बहरीनची पहिली वारी अशाच बोटीच्या डेकवर झाली. त्यांतली शेवटची ‘द्वारका’ १९८२ मध्ये बंद पडली. ब्रिटिश जहाजांवर कामाच्या वाटण्याही ठरलेल्या असत. डेकवर बहुधा कोकणी मुसलमान, इंजिनाशी पठाण-पंजाबी, भटारखान्यात आणि सलूनमध्ये गोव्याचे लोक. सारंग आणि तांडेल यांच्याशिवाय जहाज हलत नसे. पगार मात्र गोऱ्या खलाशाच्या तुलनेत अगदीच किरकोळ. असो, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

मायदेशी परतायचे ते स्वतःच्या नौकेतून, असा बेत नॉक्स-जॉन्स्टनने आपल्या सहकारी अधिकाऱ्यांबरोबर आखला. मुंबईत सागवान होते, लाकडी गलबते बांधणारे हात होते आणि मजुरी इंग्लंडच्या मानाने स्वस्त होती. आराखडा इंग्लंडहून मागवला. त्यांना हवी होती नव्या धाटणीची नौका. टपालातून आला तो ‘एरिक’ नावाचा, चाळीसेक वर्षांपूर्वीचा जुनाट आराखडा. परत पाठवून दुसरा मागवायला सवड नव्हती. आहे त्यावरच काम सुरू झाले. म्हणजे ज्या नौकेचे गुण आज जग गाते ती कोणी निवडलीच नव्हती. ती पदरी पडली होती.

पण पदरी पडलेल्या या आराखड्यामागे मोठी परंपरा होती. नॉर्वेच्या लार्विक गावात १८३२ मध्ये जन्मलेला कॉलिन आर्चर हा स्कॉटिश आईबापांचा मुलगा. नान्सेनची ध्रुवावर निघालेली ‘फ्राम’ त्यानेच बांधली. नॉर्वेचे कोळी हिवाळ्यात समुद्रावर मरत, त्यांना वाचवण्यासाठी १८९१ मध्ये तिथे एक संस्था निघाली आणि तिच्यासाठी आर्चरने बचावनौका आखल्या. वादळात इतर नौका बंदराकडे पळतात तेव्हा या नौकेने बंदराबाहेर पडायचे, हीच तिच्याकडून अपेक्षा. म्हणून तिचे अंग जाड आणि पोट रुंद. पुढच्या नाळेसारखीच तिची मागची बाजूही निमुळती. पुढे अमेरिकेत विल्यम ॲटकिनने १९२० च्या दशकात तोच साचा लहान करून ३२ फुटांवर आणला. तो हा ‘एरिक’. अर्जेंटिनाचा व्हितो दुमास १९४२-४३ मध्ये, महायुद्ध चालू असताना, मोजके थांबे घेत एकट्याने दक्षिण महासागरातून जगाला वळसा घालून आला. त्याची ३१ फुटी ‘लेह्ग दोन’ही याच घराण्यातली होती.

कुलाब्यात १९६३ मध्ये कणा घातला गेला. नौकेचा कणा म्हणजे कील, तळाशी नाळेपासून पिछाडीपर्यंत जाणारा मुख्य तुळवा. बरगड्या, फळ्या, सगळे सागवान. सुतारांच्या हाती वाकस होता आणि धनुकलीच्या दोरीने फिरवायचा सामता. आखातातल्या धाऊ आणि आपल्याकडच्या फत्तेमाऱ्या ज्या हत्यारांनी घडल्या त्याच हत्यारांनी ही इंग्रजी यॉट घडली. १९६४ च्या डिसेंबरात ती पाण्यात उतरली तेव्हा नाळेवर शॅम्पेनची बाटली नव्हे, नारळ फुटला. तो फोडला मुंबईतल्या कुवेती वकिलांच्या पत्नीने. एका नौकेच्या बारशाला इतके किनारे एकत्र आल्याचे दुसरे उदाहरण आम्हांला तरी आठवत नाही.

मुंबईच्या सागवानाची ख्याती तेव्हा दीडशे वर्षांहून जुनी होती. इंग्लंडात ओक कमी पडू लागले तसे ब्रिटिश आरमाराने मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याकडून युद्धनौका बांधून घेतल्या. ज्या ‘कॉर्नवॉलिस’वर १८४२ मध्ये चीनला नानकिंगच्या तहावर सही करावी लागली, ती १८१३ ची मुंबईचीच. १८१७ ची ‘ट्रिंकोमाली’ हार्टलपूलला आजवर जपली गेली आहे. ओकमधल्या आम्लाने लोखंडी खिळे खाल्ले जातात. सागवानातले तेल खिळा राखते आणि लाकडाला कीडही सहसा लागू देत नाही.

आता नावाविषयी. आखातातले अरब नाविक आग्नेयेकडून येणाऱ्या वाऱ्याला ‘सुहैली’ म्हणतात, म्हणून नॉक्स-जॉन्स्टनने ते घेतले. पण या शब्दाच्या मुळाशी तारा आहे. सुहैल म्हणजे दक्षिणेकडचा तो तेजस्वी तारा, ज्याला आपण मराठीत अगस्त्य म्हणतो. अरब नाविकांच्या होकायंत्रात दिशांना ताऱ्यांची नावे होती, आणि सुहैलच्या उगवतीची दिशा म्हणजे दक्षिणेपासून किंचित पूर्वेला. १४९० च्या सुमारास आपला नौकानयनाचा मोठा ग्रंथ लिहिणारा इब्न माजिद याच ताऱ्यांवर बोट ठेवून वाट सांगतो. (त्यानेच वास्को द गामाला कालिकतची वाट दाखवली ही कथा आता बहुतेक अभ्यासक मानत नाहीत, तो आळ त्याच्यावरून उतरला हे बरेच झाले.) अगस्त्य ऋषीने समुद्र प्राशन केला ही कथा आपल्या शेजारपाजारच्या घरांत सांगतात, सुहैल दिसला की उन्हाळा सरला असे अरबस्तानात मानतात. तारा एकच.

१९६५ च्या अखेरीस नॉक्स-जॉन्स्टन, त्याचा भाऊ आणि एक मित्र असे तिघे मुंबईहून निघाले. मस्कत, पूर्व आफ्रिका असे करत दरबानला पोचले. पैसा संपला म्हणून तिथे काम केले, आणि मग केप टाउनहून कुठेही न थांबता थेट लंडन. या प्रवासात त्याला नौकेचा एक स्वभाव कळला. शिडे नेमकी बेतून सुकाणू बांधून ठेवले की ‘सुहैली’ स्वतःच आपली वाट धरून चालते. लांब, सरळ कणा असलेल्या नौकेचा हा गुण. आखूड कण्याची चपळ यॉट शर्यतीत पटकन वळते, पण तिच्या सुकाण्यावर कायम हात हवा. एकट्या माणसाला झोप लागते, आणि झोपेत नौका सरळ चालली पाहिजे. दुसरा गुण दोन डोलकाठ्यांचा. एका मोठ्या शिडाऐवजी लहान लहान शिडे असली की वादळात एकट्या माणसाला ती आवरता येतात.

१९६७ मध्ये फ्रान्सिस चिचेस्टर एकच मुक्काम करून एकट्याने जगप्रदक्षिणा पुरी करून परतला. त्याच्या ‘जिप्सी मॉथ चार’वर जाणत्या आराखडेकारांची अक्कल आणि बराच पैसा खर्ची पडला होता, तरी तो स्वतः तिच्यावर मनस्वी नाराज होता, फार कलंडते, सुकाण्याला दाद देत नाही म्हणून. आता उरले होते ते मुक्कामाविना जाणे. १९६८ च्या मार्चमध्ये लंडनच्या ‘संडे टाइम्स’ने शर्यत जाहीर केली. पहिला येईल त्याला सोन्याचा गोल, सर्वांत कमी दिवसांत येईल त्याला ५००० पौंड. १ जून ते ३१ ऑक्टोबर या काळात कोणीही निघावे.

नॉक्स-जॉन्स्टनला या शर्यतीसाठी ‘सुहैली’ नकोच होती. त्याने कॉलिन मुडीकडून ५३ फूट लांबीच्या पोलादी नौकेचा आराखडा करून घेतला, पुरस्कर्ते शोधले, ‘सुहैली’ विकायलाही काढली. पुरस्कर्ते मिळाले नाहीत, नौका विकली गेली नाही. तेव्हा ‘सुहैली’ घेऊनच जायचे ठरले. ३२ फूट लांब, ११ फूट रुंद, पाण्याखाली साडेपाच फूट; आत दहा-अकरा महिन्यांचे डबाबंद अन्न कोंबलेले. शर्यतीतल्या मोठ्या नौकांपुढे ती मालवाहू मचव्यासारखी दिसत असणार.

नऊ जण निघाले. जॉन रिजवे आणि चे ब्लायथ या दोघांच्या ३० फुटी नौका किनाऱ्याजवळच्या सहलींसाठी बांधलेल्या होत्या, दोघांनाही अर्ध्या वाटेआधीच थांबावे लागले. ब्लायथला तर निघताना शिडाची नौका धड हाकता येत नव्हती; ते काम तो वाटेत शिकला. हा माणूस आम्हांला मनापासून आवडतो, पण त्याची नौका या कामाची नव्हती. बिल किंगची खास बांधलेली नौका केपच्या नैर्ऋत्येला उलटली आणि डोलकाठी गेली; तो सुखरूप परतला. डोनाल्ड क्रोहर्स्ट आणि नायजेल टेटली यांनी तीन अंगांच्या ट्रायमरान घेतल्या.

ट्रायमरानविषयी थोडे सांगितलेच पाहिजे, कारण या प्रश्नाची खरी गाठ तिथे आहे. तीन अंगांवर पसरलेली नौका हलकी असते आणि वाऱ्यावर पळते. तिच्या तळाशी वजन नसते, स्थैर्य रुंदीतून येते. त्यामुळे ती सहसा कलंडत नाही, पण एकदा पालथी झाली की पालथीच राहते. जड कण्याची एकअंगी नौका लाटेने आडवी पाडली तरी तळाचे वजन तिला पुन्हा उभी करते. उथळ पाण्यात, दिवसाउजेडी, मदत जवळ असताना पहिली निवड चूक नव्हे. चाळीस अक्षांशांच्या खाली, जिथे लाटेला अडवायला जमीनच नाही, तिथे उलटल्यावर काय होईल हा प्रश्न आधी विचारावा लागतो. नॉक्स-जॉन्स्टन काही हे तोलून निघाला नव्हता. त्याच्या वतीने कॉलिन आर्चरने ते साठ-सत्तर वर्षे आधी तोलून ठेवले होते.

१४ जून १९६८ ला ‘सुहैली’ फाल्मथहून निघाली. केप व्हर्देच्या आसपास तळातून पाणी येऊ लागले. कण्याजवळच्या फळ्यांचे सांधे उघडले होते. नॉक्स-जॉन्स्टन भर समुद्रात नौका थांबवून पाण्यात उतरला आणि सांध्यात कापूस ठोकू लागला. कापूस टिकेना. मग कॅनव्हासच्या लांब पट्टीवर कापूस शिवून, तिला डांबर चोपडून, तांब्याच्या बारीक खिळ्यांनी ती पट्टी पाण्याखाली फळ्यांवर बसवली. मधेच शार्क घिरट्या घालू लागला, तर वर येऊन त्याला बंदुकीने मारले आणि पुन्हा बुडी. आमच्या मते सबंध शर्यतीचा निकाल इथे लागला. फळ्या खिळ्यांनी जोडलेल्या होत्या, म्हणून खिळ्यांनी दुरुस्त झाल्या. साच्यात ओतलेल्या प्लॅस्टिकच्या नौकेला चीर गेली असती तर त्याच्याजवळच्या हातोडी-खिळ्यांचा काही उपयोग नव्हता. आपल्या खलाशांना हे सांगावे लागले नसते. गलबतावर सुतारकामाची पेटी आणि कापसाची वात नसेल तर ते खाडीबाहेर निघतच नसे.

पुढे दक्षिण महासागरात एका लाटेने ‘सुहैली’ आडवी झाली, केबिन आपल्या जागेवरून हलली, गोड्या पाण्याच्या टाक्या खराब झाल्या. तेव्हापासून पिण्याचे पाणी म्हणजे शिडांवरून धरलेले पावसाचे पाणी. रेडिओचे प्रक्षेपण बंद पडले. वाऱ्यावर चालणारे आपोआप सुकाणू धरण्याचे यंत्र न्यूझीलंड गाठण्याआधी मोडले आणि अर्धी पृथ्वी बाकी होती. इथे त्या लांब कण्याची आठवण व्हावी. तिथून पुढे तो शिडे बेतून, सुकाणू बांधून चालला. न्यूझीलंडजवळ वाळूत रुतला, भरतीबरोबर निघाला. १७ जानेवारी १९६९ ला केप हॉर्न ओलांडले. वादळात तो मागे जाड दोर पाण्यात सोडी, म्हणजे नौका लाटेवरून वेड्यासारखी घसरत नसे, आणि निमुळती पिछाडी मागून येणारी लाट दुभंगून दोन्ही बाजूंना लावी. निमुळत्या पिछाडीचा हा फायदा सर्वच जाणकार मान्य करत नाहीत. ‘सुहैली’च्या बाबतीत निदान तो आड आला नाही. न्यूझीलंडनंतर महिनोन्महिने तिची खबर नव्हती. एप्रिलमध्ये अझोर्सजवळ ‘मोबिल ॲक्मे’ या तेलवाहू जहाजाने तिला पाहिले तेव्हा घरच्यांना कळले.

तोवर बाकीच्यांचे काय झाले? फ्रेंच बर्नार्ड म्वातेसिए आपल्या पोलादी ‘जॉशुआ’तून निघालेला. तीही जड आणि लांब कण्याची, डोलकाठ्या तारेच्या खांबांच्या. वेगाने तो ‘सुहैली’ला भारी होता. पण हॉर्न ओलांडल्यावर त्याने युरोपकडे वळायचे नाकारले आणि पुन्हा पूर्वेला सरळ ताहितीपर्यंत गेला. क्रोहर्स्टने ३१ ऑक्टोबरला, मुदतीच्या शेवटच्या दिवशी, अर्धवट तयार ‘टेनमथ इलेक्ट्रॉन’ पाण्यात लोटली. ती दक्षिण महासागरात टिकणार नाही हे कळल्यावर तो अटलांटिकमध्येच घोटाळत राहिला आणि रेडिओवरून खोटी ठिकाणे कळवत गेला. क्रोहर्स्ट वेगाने पाठीवर येतो आहे या समजुतीने टेटलीने आपली शिणलेली ‘व्हिक्ट्रेस’ हाकली. मे १९६९ मध्ये अझोर्सजवळ ती फुटून बुडाली, टेटली वाचला. क्रोहर्स्टची रिकामी नौका १० जुलैला सापडली. नको त्या नौकेत बसलेला आणि घर गहाण टाकल्यामुळे मागे फिरता न येणारा माणूस कुठे पोचतो, हे या शर्यतीतले सर्वांत दुःखद पान आहे. त्याला लबाड म्हणून मोकळे होणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही.

२२ एप्रिल १९६९ ला ‘सुहैली’ फाल्मथला परतली. कस्टमचे अधिकारी रिवाजाप्रमाणे विचारायला आले, कोणत्या बंदरातून आलात? उत्तर आले, फाल्मथ. ३१२ दिवस, तीस हजार मैलांहून थोडे अधिक. हिशेब केला तर ताशी जेमतेम चार मैल. बैलगाडीही त्याहून फार मागे नसेल. नऊ नौकांपैकी शर्यत पुरी करणारी ही एकच. ५००० पौंडांचे बक्षीसही तिलाच मिळाले. ते नॉक्स-जॉन्स्टनने क्रोहर्स्टच्या बायकामुलांसाठी देऊन टाकले.

या कथेच्या नेहमीच्या आवृत्त्यांत नाव एकाच माणसाचे येते, आणि ते रास्तही आहे. लाटेखाली तोच होता. पण कुलाब्यात वाकसाने फळी तासणाऱ्या सुताराने ती सूतभर जास्त तासली असती तर केपच्या त्या लाटेने काय केले असते, हा विचार आम्हांला राहून राहून येतो.

पन्नास वर्षांनी, २०१८ मध्ये, त्याच शर्यतीची पुनरावृत्ती झाली. नियम मुद्दाम जुने ठेवले. नौका ३२ ते ३६ फुटांची, १९८८ पूर्वीच्या आराखड्याची, लांब कण्याची आणि सुकाणू त्या कण्यालाच जोडलेले हवे. भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी यांनी ‘सुहैली’चीच प्रतिकृती नेली. गोव्यातल्या दिवाडी बेटावरच्या ॲक्वेरियस गोदीत, रत्नाकर दांडेकरांच्या देखरेखीखाली ती बांधली गेली. २१ सप्टेंबर २०१८ ला दक्षिण हिंदी महासागरात त्यांची ‘थुरिया’ लाटेने गुंडाळली, डोलकाठी मोडली, टॉमींचा कणा दुखावला. तीन दिवसांनी एका फ्रेंच जहाजाने त्यांना उचलले. मजबूत नौका म्हणजे हमी नव्हे. ती फक्त मदत पोचेपर्यंत तरंगत राहते, आणि तेवढे ‘थुरिया’ने केले. याच टॉमींनी पुढच्या शर्यतीत, एप्रिल २०२३ मध्ये, ३६ फुटी ‘बयानात’मधून दुसरा क्रमांक पटकावला. पहिली आली दक्षिण आफ्रिकेची कर्स्टन नॉयशेफर. तिची ‘मिनेहाहा’ही लांब कण्याचीच.

मूळ ‘सुहैली’ला काही वर्षे ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात ठेवले होते. तिथली हवा यंत्राने कोरडी राखलेली. त्या कोरड्या हवेत सागवान आक्रसू लागले, फळ्यांचे सांधे उघडू लागले. चाळीस अक्षांशांच्या लाटांनी जे झाले नाही ते छपराखाली होऊ लागले. २००२ मध्ये नॉक्स-जॉन्स्टनने तिला बाहेर काढली, पुन्हा डागडुजीला घेतली आणि पाण्यात सोडली. १४ जून २०१८ ला, पन्नासाव्या वाढदिवशी, फाल्मथच्या खाडीत ती शिडे उभारून होती, आणि सुकाण्यावर एकोणऐंशी वर्षांचा तिचा मालक.